त्याची खूण

आमच्या कोर्टात आता लग्न लागत नाही.
अलाबामानं तो सोपस्कारच काढून टाकला.
फॉर्म भरायचा, नोटरीपुढं सही करायची,
माझ्या काचेखालच्या फटीतून आत सरकवायचा.
ना पाद्री, ना फुलं, ना मागं कुणी नाक पुसणारं.
मी नोंद करते, पैसे मोजते
आणि पुढचा नंबर पुकारते.

मंगळवारी पुढचा नंबर होता ओडेसा टॉलिव्हर यांचा.
वय सत्त्याऐंशी, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला.
रेल्वेवाले पेन्शन द्यायला तयार आहेत, म्हणाल्या,
त्यांना फक्त पुरावा हवाय
मी त्याची कोण होते याचा.

संगणकात त्या नव्हत्या.
सत्तर सालाच्या आधीचं कुणीच नाही त्यात.
तेव्हा मी तळघरात गेले.

तिथं दोन रांगा आहेत वह्यांच्या.
वरच्या रांगेच्या कण्यावर नुसतंच ‘विवाह’.
खालच्या रांगेच्या कण्यावर आणखी एक शब्द आहे,
तो मी खिडकीत मोठ्यानं वाचत नाही.
एकच छप्पर, न्यायाधीशाची एकच सही,
तरी शाईनं शाईशेजारी बसू नये अशी व्यवस्था.
वरची रांग कोरडी राहिली. खालची दोनदा पुरात भिजली.
माझे आजीआजोबा वर आहेत.

ओडेसाबाई सासरच्या अक्षरात नव्हत्या, माहेरच्याही नव्हत्या.
सापडल्या तिसऱ्याच वहीत, घाईतल्या कुणा कारकुनानं
कानाला पडलं तसं लिहिलेल्या नावाखाली: ‘अडेशा’.
ऑक्टोबर एकोणीसशे सत्तावन्न. वय एकोणीस.
आणि नवऱ्याच्या सहीच्या जागी
एक फुली. शेजारी कारकुनाच्या वळणदार अक्षरात:
लीरॉय टॉलिव्हर, त्याची खूण.

वहीच वर आणली. आणायची नसते खरं तर.
बाईंनी चष्मा वर केला, खाली केला,
मग त्या फुलीवर बोट ठेवून हसल्या.
हसल्या असं मला आधी वाटलं.

“त्याला लिहिता येत होतं,” म्हणाल्या.
“आठ दिवस गिरवत होता,
कोळशानं, कोंबड्यांच्या खुराड्याच्या पत्र्यावर.
आडनावातले दोन ‘एल’ उंचीला सारखे येईनात,
पुसायचा, पुन्हा काढायचा.
कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं.
इथं आलो, तर त्या माणसानं विचारलंसुद्धा नाही.
नाव स्वतःच लिहून टाकलं, वही फिरवली, म्हणाला,
‘फुली मार इथं, पोरा.’
ह्यानं मारली.
मी शेजारी उभी होते. मीही काही बोलले नाही.
मला लग्न हवं होतं.”

मग: “हे दुरुस्त होतं का?”

तीस वर्षं झाली मला या खिडकीत.
नावाचं स्पेलिंग दुरुस्त होतं, तारीख होते,
शपथपत्र लागतं, कागदपत्रं लागतात.
पण फुली ही कागदाच्या लेखी चूक नाही.
कागदाला एवढंच ठाऊक, की तिथं एक माणूस उभा होता.
हे मी बऱ्या शब्दांत सांगितलं. बरे शब्द पुरले नाहीत.

प्रत काढली, उठावाचा शिक्का दाबला.
तो त्यांनी बोटांनी चाचपला, नख लावून पाहिला.
पाच डॉलर झाले. सगळी नाणी.
एक जास्त आलं होतं, ते मागून घेतलं.

बाकावर एक जोडपं फॉर्म भरत बसलं होतं,
मुलानं कागद गुडघ्यावर घेतलेला, जीभ दातांत धरलेली.
बाई जाताजाता त्याच्यापाशी थांबल्या.
“पूर्ण नाव लिही,” म्हणाल्या.
“सावकाश. ती थांबेल.”

ती म्हणजे त्याची नवरी की मी,
हे काही कळलं नाही.
जेवणाची सुट्टी झाली होती.
मी थांबले.